ज्याचं नख, त्याचा केर

"नखं घरात काढू नकोस, गॅलरीत जाऊन काढ." मुलुंड असो की बोरिवली, मराठी घरात रविवारी सकाळी हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणणारी आजी असते, आई असते, नाहीतर नुकतेच निवृत्त झालेले काका. त्यांचा हेतू चांगलाच असतो. नख म्हणजे अंगावरून उतरलेली घाण. ती देव्हाऱ्यापासून, जेवणाच्या पानापासून, रांगत्या पोरापासून लांब राहावी, एवढीच त्यांची इच्छा. पण उपनगरातल्या इमारतीत हा सल्ला पाळणं म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं. हा सल्ला आता बंद झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी मी जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात अनेकदा बोलले आहे. त्यांचे मुद्दे पोकळ नसतात, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा असतो, पूर्वापार असंच चालत आलं आहे. पूर्वापार चालत आलं ते वेगळ्या घरात. पुढे अंगण, मागे परसू, कुंपणाच्या आतली सगळी माती आपली. ओसरीवर बसून काढलेली नखं अंगणात उडाली तरी ती आपल्याच अंगणात पडायची आणि सडा घालण्याआधी घरातलीच बाई ती झाडून उकिरड्यावर न्यायची. अंधेरीत तिसऱ्या मजल्यावर 'बाहेर' नावाची मोकळी जागा शिल्लक नाही. गॅलरीच्या कठड्यापलीकडे दुसऱ्या मजल्याच्या दोऱ्या आहेत, त्यांवर कुणाचे पंचे आणि कुणाचा शाळेचा गणवेश वाळतो आहे. त्याच्या खाली पहिल्या मजल्याच्या ग्रिलमध्ये तुळस आहे, त्याखाली तळमजल्याचा पत्रा. आमच्या इमारतीत एकदा वरून पडलेलं पायाच्या अंगठ्याचं नख एका तान्ह्या बाळाच्या दुपट्यात सापडलं. बाळाची आजी ते कागदात घेऊन वरच्या मजल्यावर गेली, तेव्हा तिला उत्तर मिळालं, "अहो, आम्ही घरात नखं काढत नाही ना, म्हणून." उत्तर देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझा सगळा वाद या निरागसपणाशी आहे.

आणि गॅलरी तरी किती घरांना आहे? झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, मग 269 झालं, आता 300 आहे. घाटकोपरच्या, अंधेरीच्या अशा इमारतींत 'बाहेर जाऊन काढ' याचा अर्थ सामायिक व्हरांड्यात नाहीतर जिन्याच्या पायरीवर बसून काढ, असाच होतो. तिथं पडलेली नखं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांना चिकटून घरोघर पोचतात. घर शुद्ध ठेवण्याच्या नावाखाली आपण सगळा मजला अशुद्ध करतो.

दुसरा मुद्दा धर्माचा. शास्त्रात सांगितलंय, असं म्हटलं की समोरचा माणूस गप्प बसतो. म्हणून शास्त्रांत काय आहे ते पाहू, आणि आपल्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही. जोगेश्वरीची मालकम बाग आणि अंधेरीची साल्सेट पारशी कॉलनी आपल्याला बाहेरून ठाऊक असते. तिथल्या पारशांच्या वेंदिदाद या ग्रंथाचा सतरावा भाग कापलेल्या केसांचं आणि नखांचं काय करायचं, याच प्रश्नाला वाहिलेला आहे. माणसांपासून दहा पावलं, अग्नीपासून वीस, पाण्यापासून तीस पावलं दूर जाऊन खड्डा खणावा, असं तिथं सांगितलं आहे. नखांसाठीचा खड्डा घराबाहेर, करंगळीच्या वरच्या पेराइतका खोल. नीट विल्हेवाट न लावता ती पडू दिली तर धान्याला आणि कपड्यांना लागणारे किडे त्यांतून निपजतात, असा इशाराही आहे. मराठी बोलणारे बेने इस्रायली आपल्यात शतकानुशतकं राहिले. ते ज्या यहुदी धर्माचे, त्याच्या तालमूदात नखांबाबत तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत. नखं जाळतो तो भक्त, पुरतो तो सज्जन, आणि नुसती फेकून देतो तो दुष्ट. कारण असं दिलं आहे की एखादी गर्भवती त्यांवरून जाईल आणि तिला अपाय होईल. मुसलमान घरांतही कापलेली नखं मातीत पुरण्याची रीत आहे.

या नियमांतली भीती आज कुणी अक्षरशः खरी मानू नये. किडे नखांतून जन्मत नाहीत, आणि नखावरून गेल्यानं गर्भाला काही होत नाही. पण या नियमांचा रोख कुठे आहे ते बघा. ज्यानं नखं कापली त्यानंच ती गोळा करायची, त्यानंच खड्डा खणायचा, त्यानंच माती लोटायची. तालमूद तर सरळ दुसऱ्याच्या पायाची काळजी वाहतं. त्यांच्याही 'बाहेर'ला पुढे काम जोडलेलं आहे, आणि ते काम नखं कापणाऱ्याचं आहे. आपण 'बाहेर' तेवढं ठेवलं आणि काम गाळलं.

ते गळालं कसं, याचं उत्तर आपल्याच समाजरचनेत आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात नखं दातांनी कुरतडू नयेत असं सांगितलं आहे, ते योग्यच आहे. त्याच श्लोकात स्वतःची नखं आणि केस स्वतः कापू नयेत असंही आहे. कापायला दुसरा माणूस होता. बारा बलुतेदारांतला न्हावी नराणी घेऊन दारात यायचा, ओट्यावर बसून नखं काढायचा आणि पडलेलं सगळं तोच आवरायचा. ज्याची नखं, त्याचा हात त्यांना लागायचाच नाही. पुढे नराणी गेली, बलुतं गेलं, नेलकटर आला, आणि प्रत्येक जण आपली नखं आपण काढू लागला. आवरायचं मात्र दुसऱ्यानं, ही सवय तशीच राहिली. पूर्वी तो दुसरा न्हावी होता, आता ती घरातली बाई आहे, झाडू-लादीला येणारी मावशी आहे, किंवा खालच्या मजल्यावरचं कुटुंब आहे. धर्माचं नाव घेऊन जे टिकवलं जातंय, त्याच्या मुळाशी ही सवय आहे.

करणीच्या भीतीला दोन वाक्यं पुरेत. कुणाची केस-नखं मिळवून त्याच्यावर जादूटोणा करता येतो, हे खोटं आहे, आणि अशा नावाखाली लोकांना घाबरवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. या भीतीपोटी का होईना, काही म्हाताऱ्या बायका नखं वेचून कागदात बांधतात. भीती सोडावी आणि कागद ठेवावा, एवढंच त्यांना माझं सांगणं आहे.

रात्री नखं काढायची नाहीत, शनिवारी नाहीत, अमावास्येला नाहीत, हा उपनियम इथंच निकालात काढू. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात धारदार हत्यारानं बोट कापायचं आणि पडलेले तुकडे दिसायचे नाहीत, म्हणून रात्रीची मनाई आली असावी, हे पटण्यासारखं आहे. पण उपनगरांना वीज देण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी 1929 साली स्थापन झाली. तेव्हापासून शंभर वर्षं होत आली. आता नियमाचा परिणाम असा होतो की सकाळी पावणेआठची गाडी पकडणारा आणि रात्री नऊला घरी येणारा माणूस घरी नखं काढूच शकत नाही. मग तो ती काढतो ऑफिसात टेबलाखाली, नाहीतर विंडो सीट मिळाली की गाडीत. रेल्वेच्या हद्दीत घाण करणाऱ्याला 2012 च्या नियमांप्रमाणे 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण दंडापेक्षा मला समोरच्या बाईच्या डब्याच्या पिशवीची काळजी जास्त वाटते. रात्री नऊ वाजता ट्यूबलाइटखाली बसून खुशाल नखं काढा. अमावास्या असली तरी काढा.

आता सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा. घरात काढली तर काढली, दुसऱ्या दिवशी केर निघतोच ना? हा मुद्दा मांडणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांनी स्वतः केर काढलेला नसतो. काढला असता तर त्यांना कळलं असतं की नख झाडूला सहजी येत नाही. नख आडव्या दिशेनं वाकलेलं असतं. नेलकटरच्या दोन पात्यांमध्ये ते सापडलं की आधी दाबलं जातं, त्याचा बाक सरळ होऊ पाहतो, आणि शेवटचा धागा तुटला की दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा तो तुकडा उडतो. नख जितकं कोरडं आणि जाड, तितका लांब. पायाच्या अंगठ्याचं नख दिवाणाखाली, शोकेसच्या मागे, चटईच्या विणीत, सोफ्याच्या फटीत जाऊन बसतं. वर पंखा चालू असला तर बारीक तुकडे खोलीभर पांगतात. जुन्या इमारतींतल्या मोझॅकच्या ठिपक्यांत नख दिसतच नाही, आणि नव्या इमारतींतल्या पांढरट टाइल्सवर ते त्याच रंगाचं असतं. फूलझाडूच्या काड्यांत अडकलं की ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतं. मग लादी पुसताना ओल्या फडक्यात येतं आणि पुसणाऱ्या हाताला टोचतं.

तो हात कुणाचा, हा प्रश्न मी सोडणार नाही. उपनगरातल्या हजारो घरांत झाडू-लादी करणाऱ्या बायका सकाळपासून घरामागून घरं उरकत असतात. महाराष्ट्रानं 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे हे काम आहे आणि ते करणारी कामगार आहे, हे सरकारनं मान्य केलं. तिच्या पगारात घराचा केर येतो. धूळ, भाजीची सालं, पोरांनी सांडलेला चिवडा, हे सगळं येतं. धडधाकट माणसानं सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत उडवलेली पायाची नखं वाकून वाकून शोधणं त्यात येतं, असं मला वाटत नाही. आपण जेवलेलं ताट निदान मोरीत नेऊन ठेवायला घराघरांत मुलग्यांना शिकवलं जातंय. नखं ताटापेक्षा जास्त आपली असतात.

न्हाणीघरात काढा, पाण्याबरोबर वाहून जातात, असं काही शहाणे लोक सांगतात. ती वाहून जात नाहीत. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, तिथं केस आणि साबणाचा राप आधीच बसलेला असतो, त्यात नखं जाऊन रुततात. महिन्या-दोन महिन्यांनी पाणी तुंबलं की जाळी काढून त्यात हात घालणारं माणूस पुन्हा दुसरंच असतं.

कुंडीत टाकणाऱ्यांचा मुद्दा मात्र मला आवडतो, कारण त्यात कचरा जिरवण्याची इच्छा आहे. नखात नत्र भरपूर असतं, आणि शिंगं-खुरांची भुकटी खत म्हणून शेतीत वापरतात, हे खरं. पण ती भुकटी असते. नख केराटिनचं बनलेलं, आणि केराटिन मातीत फार सावकाश कुजतं. गॅलरीतल्या कुंडीत टाकलेली नखं महिनोन्महिने तशीच वर दिसत राहतात, आणि माती हलवणाऱ्याच्या बोटांना लागतात. सोसायटीच्या गच्चीवर खताचा ड्रम असेल, मोठा, झाकणाचा, तर त्यात खोल टाकायला माझी हरकत नाही. तुळशीच्या बुंध्याशी टाकायला आहे.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर शेवटी एक वाक्य येतं, "एवढ्याशा नखाचं काय घेऊन बसलात!" एवढंसं आहे, हे कबूल. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. पण चार माणसांच्या घरात 80 नखं असतात आणि ती आयुष्यभर वाढत राहतात. एवढंसं म्हणून सोडलेलं काम दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी वाट्याला येतंच.

शिवाय एवढंसं नख कधी कधी एवढंसं राहत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. जुना मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. टोचलेलं कळत नाही, आणि छोटी जखम चिघळल्यावरच लक्षात येते. म्हणून डॉक्टर त्यांना घरातसुद्धा अनवाणी चालू नका म्हणून सांगतात. आपल्या घरात मात्र चपला दाराबाहेर असतात आणि आजोबा देवाला फुलं वाहायला अनवाणीच जातात. अंगठ्याच्या जाड नखाचा तुकडा दोन्ही टोकांना सुईसारखा असतो. दुसरी गोष्ट बुरशीची. गजकर्ण करणाऱ्या बुरश्या केराटिनवरच जगतात, म्हणजे त्वचा, केस आणि नख, तिन्हींवर. नेहमीच्या औषधांना दाद न देणारं गजकर्ण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे इतकं पसरलं की त्यामागच्या एका बुरशीला 2020 साली भारताच्या नावावरून 'इंडोटिनी' हे नाव मिळालं. पिवळं पडलेलं, भुगा होणारं, जाड झालेलं नख बहुधा बुरशीचं असतं, आणि त्याच्या तुकड्यात बुरशी कित्येक महिने तग धरू शकते. मुंबईच्या पावसाळ्यात, वाळत न वाळत असलेल्या कपड्यांच्या घरात, असे तुकडे जमिनीवर पडू देऊ नयेत. निरोगी माणसाच्या नखानं कुणाला रोग होत नाही, हेही तितकंच खरं, आणि मी कुणाला घाबरवू इच्छित नाही. पण रांगतं पोर जमिनीवरचं जे सापडेल ते तोंडात घालतं, आणि नख निरोगी होतं की नाही हे ते विचारत नाही.

मग करायचं काय, असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर इतकं सोपं आहे की न करण्याला सबब उरत नाही. आंघोळीनंतर लगेच नखं काढावीत. पाण्यानं ती मऊ झालेली असतात आणि मऊ नख उडत नाही. आंघोळ झाली नसेल तर कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवावेत. पंखा बंद करावा. जमिनीवर जुना पेपर पूर्ण उघडून पसरावा, चारी कडा थोड्या वर दुमडाव्यात, आणि हात किंवा पाय त्या कागदाच्या मधोमध, कागदाला जवळजवळ टेकवून धरावा. वरून कापलं तर कागद काही कामाचा नाही. एका दाबात अख्खं नख उडवण्याचा मोह आवरावा. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून थोडं थोडं कापत जावं. पायाचं नख सरळ रेषेत कापावं, म्हणजे कोपरे मांसात रुतत नाहीत. नेलकटरच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, तिथूनच तुकडे निसटतात. त्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली की बरेचसे तुकडे आतच राहतात. जपानी आणि कोरियन नेलकटरना यासाठी प्लॅस्टिकचं कवच येतं, ते चांगलं काम करतं, पण वेळच्या वेळी रिकामं करावं लागतं आणि अंगठ्याच्या जाड नखाला पुरत नाही. कवच असलं तरी खाली कागद हवाच.

काम झालं की कागद मधोमध घडी घालून त्याची घट्ट पुडी करायची, आणि ती कापणाऱ्यानंच कचऱ्याच्या डब्यात टाकायची. घट्ट यासाठी की डब्यातला कचरा पुढे कुणाच्या तरी उघड्या हातांखालून जातो, हातानं निवडला जातो. घनकचरा नियमांनी कचऱ्याची पहिली जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली आहे, आणि आपल्या आवाराबाहेर, रस्त्यावर किंवा गटारात तो फेकायला मनाई केली आहे. गॅलरीतून उडवलेलं नख या नियमातही बसत नाही. ज्या म्हाताऱ्यांना वाकता येत नाही, दिसत नाही, त्यांची नखं घरातल्या कुणीतरी काढून द्यावीत. त्यांच्याकडून पुडीची अपेक्षा मी करत नाही. अपेक्षा आहे ती हात-पाय धड असलेल्यांकडून.

लहान मुलांना हे शिकवायला एक रविवार पुरतो. शाळेत नखं तपासतात म्हणून आई रविवारी त्यांची नखं काढते. त्याच वेळी पेपर पसरायला आणि पुडी टाकायला मुलाला लावावं, आणि मुलगीच नव्हे, मुलगाही बसवावा.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या समित्यांना माझी एक मागणी आहे. गॅलरीतून पाणी ओतू नये, केर टाकू नये, असं तुमच्या सूचनाफलकावर बहुधा असतंच. त्या ओळीत 'नखे' हा शब्द घाला. आणि ज्या घरांत अजून "गॅलरीत जाऊन काढ" असं म्हटलं जातं, तिथल्या मोठ्या माणसांना हात जोडून विनंती आहे, की यापुढे "पेपर घे आणि पुडी तूच टाक" असं म्हणा.